तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिप्टोत पैसे घेऊ का?

मालवणात बसून आवाज विकतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "क्रिप्टोत पैसे घेतोस म्हणे, आम्ही पण सुरू करू का?" होमस्टेवाले विचारतात, फोटोंचे प्रिसेट (एडिटिंगच्या तयार सेटिंग) विकणारी पोरं विचारतात, काका तर सरळ म्हणतो, "माका पण शिकव रे ता बिटकॉईन."

आधी धंदा काय ते सांगतो. कौलांवरचा पाऊस वेगळा, पत्र्यावरचा वेगळा, आणि झावळ्यांवरून टपटपणारा तर तिसराच, हे सगळं रेकॉर्ड करून गेम बनवणाऱ्यांना, फिल्मच्या साऊंडवाल्यांना फाईलींचा पॅक करून विकायचं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ते ओढतानाचा आवाजही आहे, रापणकरांना विचारून घेतलेला, आणि खपतो तो सगळ्यात जास्त. गिऱ्हाईक जवळपास सगळं परदेशातलं, आणि त्यातले बहुतेक कार्डानेच पैसे देतात. क्रिप्टो ठेवलंय ते ज्यांचं कार्ड बाहेर चालतच नाही त्यांच्यासाठी, उदाहरणार्थ नायजेरियातली पोरं, तिकडच्या बऱ्याच बँकांनी २०२२ च्या सुमारास नायरा (तिथलं चलन) कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद केले होते.

फाईल विकणाऱ्याला क्रिप्टो आवडायचं खरं कारण म्हणजे चार्जबॅक. कार्डवाला साधारण १२० दिवसांपर्यंत बँकेला सांगू शकतो की ही खरेदी मी केलीच नाही, मग पैसे परत जातात, वर दंड आपल्याला, आणि फाईल तर त्याच्याकडेच राहते, ती काय परत मागणार? क्रिप्टोत एकदा आले ते आले.

पण बिटकॉईन नको. एक ब्लॉक, म्हणजे व्यवहार पक्के नोंदवणारा गठ्ठा, साधारण दहा मिनिटांनी बनतो, भाव हलतो, फी कधी चढेल सांगता येत नाही, वीस डॉलरच्या पॅकसाठी कोण थांबणार. मी यूएसडीटी घेतो, म्हणजे ज्याचा भाव डॉलरला बांधलेला असतो ते कॉईन, आणि तेही एकाच नेटवर्कवर (ज्यावरून कॉईन फिरतात ते जाळं, त्यालाच चेन म्हणतात), ट्रॉनवर. कॉईन जिथे पाठवायचे त्या वॉलेटच्या पत्त्याच्या वर नेटवर्कचं नाव ठळक लिहा, हे हजारदा सांगितलं तरी कमी. इथेरियम आणि बीएनबी चेनचे पत्ते दिसायला एकसारखे असतात, तिथे चुकीच्या चेनवर पाठवलं की शोधत बसा. आणखी एक भानगड म्हणजे गिऱ्हाईक एक्स्चेंजवरून (कॉईनच्या खरेदी-विक्रीच्या बाजारावरून) वीस पाठवतो, एक्स्चेंज आपली फी त्यातूनच कापतं, आपल्याकडे येतात एकोणीस, आणि आपलं सॉफ्टवेअर म्हणतं पेमेंट अपुरं, डाऊनलोडची लिंक नाही देणार. तिकडे तो चिडतो, इकडे आपली लाईट गेलेली, जूनमध्ये दुसरं काय होणार. त्यामुळे थोडं कमी आलं तरी चालेल अशी सेटिंग ठेवा.

इथपर्यंत सगळं सोपं. खरी कसोटी पुढे आहे, त्याचे रुपये करून आपल्या इथल्या बँकेत आणणं. पी-टू-पी म्हणजे कुणा अनोळखी माणसाला कॉईन द्यायचे आणि त्याने खात्यात रुपये टाकायचे, भाव दोन पैसे बरा मिळतो म्हणून पोरं तिकडे जातात. पण ते रुपये कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले, फसलेल्या माणसाने १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, तक्रार केली की साखळीतली खाती गोठतात, आपलंही. ओळखीतल्या एकाचं असंच झालं, तक्रार कुठल्या तरी उत्तरेकडच्या जिल्ह्यात, ब्रँचवाले म्हणतात तिकडच्या पोलिसांचं पत्र आणा, आणि इकडे ऐन सीझनला खातं बंद. दोन पैशांसाठी हे कुणी सांगितलंय! एफआययूकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा) नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरच विका, भाव कमी मिळाला तरी.

आणि टॅक्स. विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो, २०२२ च्या जुलैपासून. मिळालेले कॉईन हे धंद्याचं उत्पन्न, ते आले त्या दिवसाच्या भावाने लिहून ठेवायचं, आणि नंतर विकताना वर जो नफा होईल त्यावर सरळ ३० टक्के, तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. म्हणून मी कॉईन साठवत नाही, आले की थोड्या दिवसांत विकून मोकळा. ज्यांचं जीएसटी रजिस्ट्रेशन आहे त्यांनी तर आधी सीएला गाठा, कारण सेवेची निर्यात धरायची तर पैसे परकीय चलनात यावे लागतात (किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयात), आणि यूएसडीटी हे नावात डॉलर असलं तरी परकीय चलन नव्हे.

होमस्टेवाल्यांनो, तुम्ही यात पडू नका. तुमचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं, ते गाडीतून उतरता उतरता यूपीआय करतं.

प्रिसेटवाल्या पोरांसाठी एक राहिलं, रिफंड. पैसे ज्या पत्त्यावरून आले त्याच पत्त्यावर कधी परत पाठवू नका, बऱ्याचदा तो एक्स्चेंजचा सामायिक पत्ता असतो आणि गिऱ्हाइकाच्या खात्यात काही जमा होत नाही. त्याच्याकडून नवा पत्ता मेलवर लेखी मागवा, आणि पाठवण्याआधी पहिली-शेवटची अक्षरं डोळ्यांनी जुळवून बघा, कारण कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात.