अजून क्यूजीआयएसच का? तुम्ही विचारलंत म्हणून

"केप्लरसारखं साधन फुकटात असताना तुम्ही अजून क्यूजीआयएसच काय धरून बसलाय?" इंटर्न विचारतात, निधी देणारे विचारतात, परवा तर भाच्याने विचारलं. क्यूजीआयएस म्हणजे संगणकावर बसवून नकाशे करायचं सॉफ्टवेअर, केप्लर म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं. आता एकदाच लिहिते, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

आमचं काम विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणीच खारं. विहिरी, बोअर, पावसाळ्याआधीची आणि नंतरची पातळी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार). सगळं मिळून लाखो नोंदी. 'याला काय मोठा डेटा म्हणायचं?' असं म्हणून हसायचं तर हसा. पण एक्सेल १०,४८,५७६ ओळींवर हात टेकतं, शेपफाइल (नकाशाचा डेटा ठेवायची जुनी फाइल) २ जीबीवर. शिवाय शेपफाइलच्या रकान्याचं नाव १० बाइटांत बसवायचं, म्हणजे यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या देवनागरीची जेमतेम तीन चिन्हं. म्हणून सगळं पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये. त्यावर कुणाशीही वाद घालायची माझी तयारी नाही.

केप्लर मला माहीत नाही असं समजू नका. उबरने ते २०१८ साली खुलं केलं तेव्हाच मी ते वापरून बघितलं. फाइल ब्राउझरवर टाकायची, ग्राफिक कार्डाच्या जिवावर लाखो ठिपके भराभर उमटतात, काळाची पट्टी ओढली की वर्षं पळायला लागतात. तेवढ्या वेळात क्यूजीआयएस अर्धा तालुकाही रंगवून झालेलं नसतं. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? फक्त तो लालभडक हीटमॅप बघून कुणी 'इथलं पाणी जास्त खारं' म्हणायला लागलं की माझं डोकं फिरतं. मुद्दाम सांगितलं नाही तर तो ठिपक्यांची गर्दी दाखवतो. मोजणारी पोरं जिथे जास्त फिरली तिथे लाल. खारेपणाचा त्यात संबंध नाही.

पण खरं कारण ते नाही. खरं कारण दर्यापूरकडची एक सभा.

ब्राउझरमधला नवा नकाशा तयार होता. टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, आधीच पाडून ठेवलेल्या, त्यामुळे फोनवरही सरसर सरकायचा. ऑफिसात सगळ्यांनी बघितला होता, पण गावांची नावं इंग्रजीत. सभेसाठी ती मराठीत केली आणि थेट ग्रामपंचायतीच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला. हिवरखेडचं झालं होतं 'हविरखेड'. दर्यापूरच्या र चा पाय मोडून उघडा पडलेला, 'दर्‌यापूर'. ब्राउझरमध्ये नकाशा काढणारी लायब्ररी, म्हणजे त्यामागचा तयार कोड, प्रत्येक चिन्हाचं सुटं चित्र ओळीने चिकटवत होती. ऱ्हस्व वेलांटी टाइप करताना व्यंजनानंतर येते आणि दिसते आधी, हे तिच्या गावीच नव्हतं. त्यामुळे प्रत्येक वेलांटी शेजारच्या अक्षराच्या गळ्यात.

पुढच्या रांगेतले एक आजोबा बराच वेळ डोळे बारीक करून वाचत होते. मग म्हणाले, "हे कोनतं गाव हाय, बाई? आमच्या इकडं तं असं गाव नाई." मी समजावायला गेले, "आजोबा, ते अक्षरांचं जरा..." त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग शेजारच्याला म्हणाले, पण मला ऐकू येईल असं, "नावच धड नाई, तं पान्याचं का खरं सांगन हे?"

सभा संपली नाही, पण उठली. निम्मी माणसं चहाला गेली ती आलीच नाहीत. त्या नकाशातले टीडीएसचे आकडे अगदी बरोबर होते, आम्ही बाटल्या भरून प्रयोगशाळेत तपासून घेतलेले. कुणी विचारलेच नाहीत.

क्यूजीआयएस जोडाक्षरं नीट लावतं. आता गावात मी तिथूनच काढलेला ए-झिरो आकाराचा मोठा कागद नेते. लोक त्यावर बोट ठेवून भांडतात, पेनाने विहीर सरकवतात. फोनसाठी सर्व्हरवर नावांसकट चित्रं पाडून ठेवतो. एक रंग बदलायचा तर सगळी पुन्हा पाडा. जड आहे, जुनाट आहे, मान्य.

एका कार्यशाळेत मीच ठणकावून सांगितलं होतं की डेस्कटॉप जीआयएसचे दिवस भरले. त्या बाईशी मी अजून मनात भांडते. ती म्हणते, एका आजोबांवरून सॉफ्टवेअर ठरवतेस? मी म्हणते, मग कुणावरून ठरवू, निधीवाल्यांवरून? ती म्हणते, निधीवाल्यांनी तो कागद कधी उलगडून तरी बघितलाय का? इथे मी गप्प होते. कारण मागच्या प्रस्तावाला 'इंटरॅक्टिव्ह' नकाशा नाही म्हणून गुण कापले गेले, आणि त्या पैशातून नमुने घ्यायचे होते.

आमच्या ऑफिसातला मुलगा म्हणतो, ताई, नावं एचटीएमएलने, वेबपानावरच्या साध्या मजकुरासारखी, नकाशावर वेगळी चिकटवू, ब्राउझर जोडाक्षरं बरोबर लावतो. करून बघितलं. एका तालुक्याला छान चालतं. जिल्हा उघडला की स्वस्तातला फोन गचके खायला लागतो. तो म्हणतो, झूम केल्यावरच नावं दाखवू. मी म्हणते, लोक आधी आपलं गाव शोधतात, मग झूम करतात. यावर आमचं अजून जमलेलं नाही.