अकरा जमवण्याचा हंगाम

आमचा फुटबॉल संघ परळमधल्या एका चाळीच्या मंडळाचा आहे आणि गेली सहा वर्षे मी त्याचा व्यवस्थापक आहे. खेळाडूंची नोंदणी करणे, ओळखपत्रे सांभाळणे, जर्सीचा संच धुऊन वाळवणे, बर्फाचा डबा भरणे आणि सामन्याच्या आदल्या रात्री प्रत्येकाला फोन करून "उद्या येतोयस ना?" असे विचारणे, एवढे माझे काम. मुंबईच्या लीगमध्ये सर्वांत वरच्या विभागांच्या खाली जे विभाग येतात, त्यांतल्या एका तळाच्या विभागात आम्ही खेळतो. तिथल्या सामन्यांना तिकीट नसते आणि प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडूंचे मित्र व एखाद्याचे वडील. तरीही यंदाच्या नऊ सामन्यांविषयी सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटते, कारण या खेळाडूंनी जे केले ते दुसरे कोणी लिहून ठेवणार नाही.

या शहरात फुटबॉलची मैदाने मोजकी आहेत आणि संघ भरपूर. शाळा, कॉलेज, वयोगटांच्या स्पर्धा आणि वरचे विभाग या सगळ्यांना जागा द्यायची म्हटल्यावर खालच्या विभागांच्या वाट्याला बहुधा कामाच्या दिवसातली दुपार येते. आमच्या संघात एक जण घरोघरी पार्सल पोचवतो, दोघे मेडिकलच्या दुकानात आहेत, एक जण लॅबमध्ये नमुने गोळा करतो, तिघे कॉलेजात शिकतात आणि गोलकीपर रात्रपाळीचा सुरक्षारक्षक आहे. मंगळवारी दुपारी तीनला या सगळ्यांना एका मैदानावर आणणे, हाच आमच्या हंगामाचा अर्धा खेळ असतो. डावपेच, सराव, पासिंग हे सगळे त्यानंतरचे.

पाचवा सामना वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर होता. मुंबईच्या या सेंटर फॉरवर्डने १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला आणि त्या स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्या मैदानावर जाताना मी नव्या मुलांना हे दर वेळी सांगतो आणि ती दर वेळी शांतपणे ऐकून घेतात. त्या दिवशी मात्र सांगायला फारसे कोणी नव्हतेच. प्रभादेवीहून धीम्या लोकलने माझ्यासोबत सात खेळाडू पोचले, दोघे परस्पर आले आणि पार्सलवाल्याचा फोन आला, "काका, चार डिलिव्हऱ्या राहिल्यात. नाव लिहून ठेवा, मी येतोच." त्याने महिनाभर आधी सुट्टी मागितली होती आणि आदल्या रात्री ती नाकारली गेली होती.

नियमाप्रमाणे सामना सुरू करायला संघात किमान सात खेळाडू लागतात, आणि यादीत आधीच नाव दिलेले असेल तर उशिरा आलेला खेळाडू पंचांच्या परवानगीने मैदानात उतरू शकतो. मी यादीत त्याचे नाव लिहिले आणि नऊ जण उतरवले. मागे चार, मध्ये तीन आणि पुढे एकटा. गोलकीपर सकाळी आठला ड्युटीवरून सुटून जेमतेम चार तास झोपला होता. त्याच्या हातमोज्यांचे तळवे आता गुळगुळीत झाले आहेत, म्हणून सामन्याआधी तो ते पाण्याच्या बाटलीने भिजवतो, एकमेकांवर चोळतो आणि चेंडू दोनदा छातीशी दाबून पकड येते का ते बघतो. त्या दिवशीही त्याने तेच केले, आणि मग पूर्वार्धात असे काही चेंडू अडवले की समोरच्या संघाच्या प्रशिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मध्यंतराला आम्ही ०-१ असे मागे होतो.

उत्तरार्ध सुरू झाल्यावर काही मिनिटांनी पार्सलवाला आला. पाठीवर ती चौकोनी बॅग तशीच होती. पंचांनी ओळखपत्र पाहिले, बुटांचे स्टड तपासले आणि त्याला आत सोडले. पुढची वीसएक मिनिटे आम्ही दहा जणांत खरोखर चांगले खेळलो. त्याचा एक फटका खांबाला लागून बाहेर गेला. पण दोन माणसांचे अंतर नऊ जणांनी इतका वेळ पळून भरून काढलेले होते आणि शेवटी पायांनी जाब विचारला. एकाच्या पोटरीत गोळा आला, दुसरा खाली बसला. अखेरच्या टप्प्यात तीन गोल झाले आणि सामना ०-४ असा संपला.

उरलेला हंगाम चांगला गेला. एकूण पाच विजय, दोन बरोबरी, दोन पराभव, म्हणजे १७ गुण. आमच्या वरच्या संघाचेही १७ होते, आणि वरच्या विभागात जाण्याची जागा एकच उरली होती. गोलफरकात, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून जे उरते त्यात, आम्ही एकाने कमी पडलो. चाळीत कोणीतरी हिशेब मांडला की त्या दिवशी आम्ही गेलोच नसतो, तर वॉकओव्हरचा निकाल ०-३ असा लागला असता, फरक समसमान झाला असता आणि केलेले गोल आमचे जास्त असल्यामुळे आज आम्ही वर असतो. हिशेब बरोबर आहे. मी वहीत दोनदा पडताळून पाहिला. पण चार तासांच्या झोपेवर उभा राहिलेला गोलकीपर आणि बॅगेसह धावत आलेला तो मुलगा मला आठवतो, आणि मैदानावर जायलाच नको होते, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या दोघांनाही मी तसे स्पष्ट सांगितले.

परवा जर्सी मोजल्या. अठरापैकी सतरा परत आल्या आहेत. अकरा नंबरची पार्सलवाल्याकडे आहे. त्याने नोकरी बदलली आहे आणि नव्या ठिकाणी साप्ताहिक सुट्टी मंगळवारची मागून घेतली आहे.