भोक नसलेली कुंडी

गेल्या उन्हाळ्यात माझी तुळस गेली. थंडीने नाही, पाण्याने. म्युनिकच्या एका दुकानातून निळ्या झिलईची देखणी कुंडी आणली होती. रोज अंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालायचे. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडून गळायला लागली. रोप उपटलं तर मुळं काळी, बुळबुळीत आणि तळाशी चार बोटं आंबूस पाणी. कुंडीला भोकच नव्हतं.

तो राग अजून गेलेला नाही. साध्या प्लॅस्टिकच्या कुंडीत रोप लावायचं आणि ती या शोभेच्या भांड्यात उतरवायची, अशी इथली पद्धत. घरात ठीक आहे. पण मग ही भांडी मातीच्या गोण्यांशेजारी का मांडायची? पाण्याला वाट नाही तिला मी कुंडी म्हणणार नाही. चिपळूणला आई डालड्याच्या डब्यात सदाफुली लावायची, तेव्हासुद्धा आधी डबा पालथा घालून खिळ्याने पाच भोकं पाडायची. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ती गुदमरतात, हे कोकणात पावसाळा काढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

यंदा मेच्या सुरुवातीला भोक पाडायचंच ठरवलं आणि रविवारी सकाळी ड्रिल लावलं. पाच मिनिटांत बेल वाजली. दारात शेजारच्या आजी. (आजी मनातल्या मनात, तोंडाने 'फ्राऊ' आणि आडनाव.) "आज रविवार आहे," एवढंच म्हणाल्या. रविवारी इथे ड्रिल चालवायचं नसतं, हे मला माहीत होतं, डोक्यातून निघून गेलं होतं. तरी लागलंच. आमच्या गल्लीत रविवारी सुताराची ठोकाठोक चालली तर शेजारी त्याला चहा विचारतात.

सोमवारी संध्याकाळी त्याच आजी फरशीला भोक पाडायचं पातं घेऊन आल्या. कुंडी जुन्या टॉवेलवर पालथी घातली, तळावर कागदी चिकटपट्टीची फुली मारली, म्हणजे पातं घसरत नाही. ड्रिलचा ठोका बंद, वेग कमी. मी चमच्याने थेंब थेंब पाणी सोडत होते आणि दुधासारखा पांढरा चिखल वर येत होता. तीन भोकं पाडली, एकही तडा नाही.

मग मी विटांचे तुकडे तळाशी घालायला घेतले, तर त्यांनी हात आडवा धरला. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही. वरची माती चिंब झाली की मगच ते खाली जातं. म्हणजे खडे भरल्याने ओल मुळांच्या आणखी जवळ येते. मला ते पटलं. पण आईची रोपं कधी कुजली नाहीत, हेही खरंच आहे. आमची तांबडी माती मुळात पाणी धरून ठेवत नाही. आता मी भोकावर एकच खापरी पालथी ठेवते, माती वाहून जाऊ नये म्हणून.

आजी पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, वापरत नाहीत. त्याचा थर वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो आणि आपण तो गोण्या भरून उपसतो, याचं त्यांना वाईट वाटतं. त्यांनी मला त्याऐवजी कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणांच्या भुशाची, वीट दिली. वेष्टनावर बारीक अक्षरांत देश छापला होता: भारत. बादलीत कोमट पाणी ओतलं, वीट फुगून भुसभुशीत झाली आणि वास आला तो थेट आमच्या न्हाणीच्या चुलीजवळ रचलेल्या ओल्या सोडणांचा. मी बादलीशेजारी फरशीवरच बसले. आजी काही बोलल्या नाहीत, खुर्ची ओढून बसून राहिल्या.

कोकोपीटमध्ये पोषण जवळपास नसतं, म्हणून तेवढंच कंपोस्ट आणि त्याच्या निम्मं पर्लाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) मिसळलं. माती दाबली नाही, कुंडी नुसती दोनदा आपटली. वरून दोन बोटं जागा मोकळी सोडली, नाहीतर पाणी ओसंडून खालच्या बाल्कनीत जातं. खाली तीन टेकू आणि बशी.

नवी तुळस लावून खिडकीतच ठेवली. १५ मे हा इथे 'थंड सोफी'चा, म्हणजे संत सोफीचा दिवस. तोवर रात्री दहिवर गोठू शकतं, म्हणून नाजूक रोपं बाहेर काढत नाहीत. १६ तारखेला सकाळी आजींनीच बेल वाजवली. दोघींनी कुंडी उचलून बाल्कनीत नेली, मी तांब्याभर पाणी घातलं आणि आम्ही दोघी वाकून बशीकडे बघत राहिलो.