बडी रिटायर झाला, आणि २३ नंबरचं काय करायचं

सोमवारी, ३१ जुलै २०२३ ला, बडीनं रिटायरमेंट जाहीर केली आणि तेव्हापासून आमच्या स्वान्सवाल्यांच्या ग्रुपवर दुसरा विषयच नाही. बडी म्हणजे लान्स फ्रँकलिन, सिडनी स्वान्स या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबचा फॉरवर्ड, वय ३६, मॅच ३५४, गोल १०६६. एसेंडनविरुद्ध खेळताना पोटरी दुखावली आणि तीच शेवटची मॅच ठरली. सगळ्यांना हळहळ आहे ती याचीच, की बघताना कुणालाच माहीत नव्हतं आपण याला शेवटचं बघतोय, नाहीतर घसा फाटेपर्यंत ओरडलो असतो.

भारतातले वाचणारे आहेत म्हणून थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, इथे नुसतं फूटी म्हणतात. क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर खेळतात, एका बाजूला १८ जण, दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोन खांबांतून किक मारली की गोल आणि ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला तर १. बॉल हातात घेऊन पळता येतं पण १५ मीटरच्या आत टप्पा मारावा लागतो, आणि मागून कुणीतरी तुम्हाला पाडायला धावत असतंच. आमचं होम ग्राउंड सिडनी क्रिकेट ग्राउंड, जिथे सचिननं २००४ ला नाबाद २४१ केल्या तेच.

आता बडी काय होता हे समजायला २०१० चा त्याचा एसेंडनविरुद्धचा गोल शोधून बघा. तेव्हा तो मेलबर्नच्या हॉथॉर्न क्लबकडे होता. जवळपास दोन मीटर उंचीचा माणूस, फॉरवर्ड म्हणजे खरंतर गोलसमोर उभं राहून उंच झेल घ्यायचं काम, आणि हा बाउंड्रीच्या कडेकडेनं बॉल टप्पे मारत सुटलाय, मागे एसेंडनचा केल हूकर जीव खाऊन धावतोय, अंतर काही कमी होत नाहीये आणि पळता पळताच डाव्या पायानं अशा कोनातून गोल की बघणारा उभाच राहतो. त्या वर्षीचा गोल ऑफ द इयर. २०१३ ला परत त्यानंच जिंकला. त्याची सेट शॉटची (म्हणजे झेल घेतल्यावर थांबून मारायच्या किकची) पद्धतही वेगळीच, सगळे सरळ रेषेत धावत येऊन किक मारतात, हा डावीकडे बाहेर वळण घेत यायचा, कोचिंगच्या कुठल्याही नियमात न बसणारं वळण, आणि आमच्या सिडनीत अंगणात खेळणारी लहान पोरंसुद्धा, उजव्या पायाची असली तरी, तसंच वळण घेऊन किक मारतात.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या डोवरिन नावाच्या छोट्या गावातला हा मुलगा, आई नूंगार या मूलनिवासी समाजातली. २००४ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो) हॉथॉर्ननं पाचव्या नंबरला घेतला. २००८ ला एका सीझनमध्ये ११३ गोल, त्यानंतर आजपर्यंत कुणाचेच शंभर झालेले नाहीत. त्याच वर्षी प्रीमियरशिप, म्हणजे लीगचा कप, २०१३ ला दुसरी, आणि लगेच तो सिडनीत आला. सगळे म्हणत होते तो सिडनीच्या दुसऱ्या क्लबकडे, जायंट्सकडे, जाणार आणि स्वान्सनी नऊ वर्षांचं, एक कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट देऊन सगळ्यांना गार केलं.

वाद आहे तो याच कॉन्ट्रॅक्टवर. पैसे वसूल झाले का? दहा वर्षं हेच ऐकतेय, आणि रिटायर झाल्यावर तर प्रत्येक पॅनेलवर तीच चर्चा. बडी सिडनीत असताना स्वान्स तीन ग्रँड फायनल खेळले, २०१४, २०१६, २०२२, आणि तिन्ही हरले. पहिली तर हॉथॉर्नकडूनच, ६३ पॉइंटनी, त्यात चार गोल एकट्या बडीचे. २०२२ ला जिलाँगनं ८१ पॉइंटनी धुतलं, बडीला एकही गोल मिळाला नाही. म्हणजे कप एकही नाही. हिशेब करणाऱ्यांसाठी विषय इथेच संपतो.

माझ्यासाठी नाही संपत. २६ वर्षांच्या खेळाडूला नऊ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट म्हणजे शेवटची तीन-चार वर्षं फुकट जाणार असंच सगळे धरून चालले होते ना? तो ती सगळी वर्षं टिकला, वर आणखी एक वर्षाचं सही करून खेळला. २०२० पूर्ण दुखापतीत गेलं हे खरं. २०१५ ला फायनल्स तोंडावर असताना मानसिक आरोग्यासाठी बाजूला झाला, आणि ते क्लबनं उघड सांगितलं, एवढ्या मोठ्या खेळाडूबद्दल असं सरळ सांगितलं जाणं तेव्हा सवयीचं नव्हतं. पुढच्याच वर्षी ८१ गोल. २०१७ ला शेवटच्या राउंडमध्ये कार्लटनविरुद्ध १० गोल ठोकले आणि सीझनमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्याला मिळणारं कोलमन मेडल चौथ्यांदा घेतलं. आणि सिडनी हे रग्बी लीगचं शहर आहे हो, स्वान्स १९८२ ला मेलबर्नमधून इथे आले तेव्हापासून इथे फूटीला लोक आणावे लागतात, आपोआप येत नाहीत. बडी खेळतोय म्हणून नियम माहीत नसलेली माणसं यायची. बॉल त्याच्या दिशेनं उडाला की अख्खं स्टँड झेल व्हायच्या आधीच उभं, हे मी दुसऱ्या कुणासाठी बघितलेलं नाही.

२५ मार्च २०२२, जिलाँगविरुद्ध, हजाराव्या गोलला चार कमी होते. चौथा गेला आणि चारी बाजूंनी लोक मैदानात घुसले, म्हातारे, पोरं, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, मीपण पळत सुटले, बडी कुठे आहे ते दिसतच नव्हतं नुसता पोलिसांचा घोळका दिसत होता, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. जवळपास अर्धा तास खेळ थांबला. याआधी हजार गाठणारे फक्त पाच, शेवटचा गॅरी अॅब्लेट सीनियर, १९९६ ला. आता टीमचे डिफेन्स असे रचलेले असतात आणि गोल असे वाटून जातात की परत कुणी हजार करेल असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र बोचतेय. २०२३ च्या मे महिन्यात मेलबर्नच्या एमसीजीवर कॉलिंगवूडच्या फॅन्सनी बडीची हुर्यो उडवली. कॉलिंगवूड क्लबनं स्वतः निषेध केला, ते बरं झालं, पण आम्ही २०१५ ला आमच्याच मूलनिवासी खेळाडू अॅडम गूड्सच्या बाबतीत हे महिनोन् महिने बघितलंय, शेवटी त्यानं खेळच सोडला तेही बघितलंय, आणि लीगला माफी मागायला २०१९ उजाडलं. अशा लोकांसमोर बडीला शेवटची मॅच, भाषण, फेरी यातलं काही नको वाटलं असेल तर मी त्याला शंभर टक्के समजू शकते. तो तसाही कॅमेऱ्यासमोर फार न बोलणारा.

मेलबर्नची माझी मैत्रीण पक्की हॉथॉर्नवाली. सोमवारी तिचा फोन, म्हणाली, "अगं, आमचा तर २०१३ लाच गेला होता, तेव्हा मी त्याचा जर्सी माळ्यावर टाकला, आज परत काढला." मग अर्धा तास आम्ही भांडलो. तिचे ५८० गोल, माझे ४८६, तिच्या दोन प्रीमियरशिप, माझ्याकडे एकही नाही, पण हजारावा माझा, तो मी सोडणार नाही.

जर्सी दोन्हीकडे २३ नंबरचाच. हॉथॉर्नमध्ये त्या नंबरला मोठा वारसा होता, डॉन स्कॉट, डर्मट ब्रेरटन. ग्रुपवर बरेच जण म्हणतायत स्वान्सनी आता २३ बाजूला ठेवावा, निदान काही वर्षं तरी. मला पटत नाही. एखाद्या नवीन पोराला द्या, ज्याला सरळ रेषेत धावता येत नाही अशाला.