गोंडा

दिवाळी उरकली की आमच्याकडे एक दुपार ट्रंकेची असते. माळ्यावरनं ती खाली काढायची, स्वेटर, शाली, माकडटोप्या गच्चीवर उन्हाला टाकायच्या, आणि पुढचे दोन दिवस सगळ्या घराने डांबरगोळ्यांच्या वासात जेवायचं. यंदा अगदी तळाशी माझी लहानपणची टोपी लागली. उचलायला गेले तर हातात नुसती जाळी आली. कसर! होतं नव्हतं ते सगळं खाऊन टाकलेलं. गोंडा तेवढा सुटला, टप्पदिशी फरशीवर पडला आणि कॉटखाली घरंगळत गेला.

गुडघे टेकून, केरसुणीने ओढून काढला. राणी रंगाचा, जसाच्या तसा. रंग म्हणून उतरला नव्हता. बाजूच्या टोपीचा फडशा पडला तरी याला ओरखडा नाही. कसरीचं असं आहे, लोकर चालते, रेशीम चालतं, प्राण्याच्या अंगावरचं काहीही ती आवडीने खाते. गोंडा आर्टसिल्कचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा, त्याला मात्र तोंड लावत नाही. टोपीची लोकर आप्पांनी खडेबाजारातनं पैसे मोजून आणली होती. गोंडा फुकटचा होता.

माझं माहेर वडगावातलं. शहापूर, वडगाव, खासबाग ही बेळगावची मागांची बाजू. आमच्या गल्लीत माग नसलेली घरं मोजायची तर एका हाताची बोटं पुरली असती, आणि त्यातलं एक आमचं. पहाटेपासून खटक-खटक सुरू व्हायचं. मागांचा आवाज बंद पडला की लहान पोरं झोपेतनं उठून रडायची, म्हणजे लाइट गेली हे कळायचं. शाळेत जाताना आम्ही गटार बघायचो. सूत रंगवलेलं पाणी गटारात यायचं, आणि त्यावर आमचा दिवस ठरायचा. पिवळं असलं तर बाई मारणार. लाल असलं तर गणिताचा पेपर मिळणार. निळं असलं तर कोण काही विचारत नाही. आठवड्यातले चार दिवस गटार निळंच असायचं, त्यामुळे आमचं बालपण तसं सुखात गेलं.

निळं पाणी यायचं ते निळ्या मामांच्या परसातनं. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. घरात कन्नड, गल्लीत मराठी, आणि रागावले की दोन्ही. परसात चुलाण, त्यावर भलंमोठं भगुलं, आणि भगुल्यावर आडव्या काठ्यांना लोंबणाऱ्या सुताच्या लड्या. लडीचा खालचा भाग रंगात, वरचा बाहेर. मामा एकेका काठीशी जाऊन लडी फिरवायचे, खालचं वर, वरचं खाली, परत खालचं वर. थांबलं की पट्टा पडतो, म्हणून थांबायचं नाही. मग खुंटीला अडकवून, दुसऱ्या बाजूने काठी घालून पिळायचं. पिळताना त्यांच्या मनगटावरनं निळा ओघळ कोपरापर्यंत जायचा आणि तिथनं टपटप खाली. हात कोपरापर्यंत निळे, नखं जवळजवळ काळी. त्याच हाताने ते दुपारी ओट्यावर बसून ज्वारीची भाकरी मोडायचे. भाकरीला निळं लागत नाही, हे मी जवळ जाऊन, नीट बघून आले होते.

आईने मला टोपी विणली ती बदामी. मळ दिसत नाही म्हणून. आमच्या आईचे सगळे रंग मळ दिसत नाही या एकाच कारणाने ठरायचे. मी टोपी घालून ओट्यावर रडत बसले. मामा समोरच लड्या वाळत घालत होते. काय झालं म्हणून विचारलं, टोपी हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि आत जाऊन गुंता झालेल्या सुताचा एक मूठभर बोळा घेऊन आले. "राणी घे. गर्दीत हुडकाय बरं पडतं."

आजीने लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापल्या, मध्ये भोक पाडलं, एकावर एक ठेवल्या आणि ते सूत त्यावर गुंडाळत बसली. भोक बुजेपर्यंत गुंडाळायचं, मग कडेने कात्री चालवायची, दोन चकत्यांच्या मधनं दोरा घालून करकचून गाठ, पुठ्ठा फाडून काढायचा. पुठ्ठा निघाला की गोंडा एकदम फुलतो. तो क्षण मला अजून आवडतो. त्यासाठीच मी टोप्या विणते असं घरात म्हणतात, आणि ते खोटं नाही.

गर्दीत मी कधी हरवले नाही. त्या बाबतीत गोंड्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

मुळात गोंड्याचा उपयोग काय, हा प्रश्न माझ्या लेकाने मला विचारलेला आहे. तो बंगळूरला असतो. दर हिवाळ्यात मी त्याला एक टोपी पाठवते आणि तो म्हणतो, "आई, गोंडा काढ, मग घालतो." मी काढत नाही. तो तिकडे कात्रीने काढतो. एकदा त्याच्या टेबलाच्या खणात मला चार गोंडे सापडले, पेन आणि चार्जरच्या वायरींच्या मध्ये. काही बोलले नाही. पण माझं मत कायम आहे, बिनगोंड्याची टोपी म्हणजे शेंडी उपटलेला नारळ.

पूर्वी मी बाजारची लोकर आणायची, सगळ्यांसारखीच. दोन सुया, एक सुलट एक उलट, टीव्हीवर मालिका. हाताने कातायचं आणि रंगवायचं खूळ अलीकडचं. सुगी झाल्यावर कडोलीच्या बाजूला शेतात मेंढरं बसवलेली असतात, खतासाठी. तिथे बांधावर एक म्हातारे धनगर उभ्या उभ्या चातीवर लोकर कातत होते. नजर मेंढरांवर, तोंड आमच्याशी बोलण्यात, आणि हात आपलं काम करतोय. विकत द्याल का म्हटलं. कातलेली नाही दिली, ती घोंगड्याला. कच्ची मात्र पोतंभर दिली. "न्या की, कोण घेतंय आता!"

पोतं घरी आलं आणि घराचा गोठा झाला. रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतली तेव्हा कुठे पाणी जरा निवळलं. कुसळं, काटे, लेंड्या वेचण्यात दोन आठवडे गेले. मग पिंजायची. मग टकळी. शाळेत सूतकताईला मी नेहमी पेळू तोडायची, इथे तेच झालं. धागा कुठे दोरखंड, कुठे केस. दोन पदर एकत्र पिळले की जरा सारखा दिसतो, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यात लपते. आणि ही दख्खनी मेंढीची लोकर चावते हो! घोंगड्याची लोकर ती, उगाच नाही. पावसात तिची खोळ करून डोक्यावरनं घेतली की पाणी वरच्या वर निथळतं, आमच्या भागातली पहिली टोपी खरं तर तीच. पण कपाळाला थेट लावायची म्हणजे शिक्षा. मी आतनं फ्लॅनेलची पट्टी शिवते. तरी माझी भाची म्हणते, "मावशी, टोपीत मुंग्या आहेत."

आता आम्ही बेळगावातच, टिळकवाडीत राहतो. संध्याकाळी फिरायला जाते तिथे वाटेत काँग्रेसची विहीर लागते. 1924 च्या डिसेंबरात इथे अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढं एकदाच, आणि सभासदाने वर्गणी म्हणून महिन्याला 2000 वार हातकताईचं सूत द्यायचं असं ठरलं. परवा विहिरीच्या कठड्याशी थांबून मी हिशेब केला. माझ्या एका टोपीला शंभर-सव्वाशे वार धागा लागतो. म्हणजे महिन्याला सोळा-वीस टोप्यांचं कातायचं. माझ्याच्याने महिन्यात एक होते, तीही महिना एकतीस दिवसांचा असला तर. वर्षभरातच तो नियम गेला म्हणतात. बरं झालं. माझ्यासारख्याच बऱ्याच जणांनी दम टाकला असणार.

रंगवण्यात मात्र मला वाटलं होतं मी पास होईन. वडगावची मुलगी, गटारीचे रंग बघत वाढलेली. पहिली अडचण अशी की ही मेंढरं बहुतेक काळी. काळ्यावर रंग काय चढणार? करड्या लोकरीवर हळद चढवली तर शिळ्या आमटीसारखी दिसली. मग त्या पोत्यातली पांढरी लोकर वेगळी काढली, ती निघाली जेमतेम चार टोप्यांची. तिला तुरटीच्या पाण्यात मुरवलं आणि कांद्याच्या टरफलासाठी कांदा मार्केटात गेले. नुसती टरफलं मागणारं गिऱ्हाईक त्या बाईने पहिल्यांदाच बघितलं असावं.

"येन माडतीरि अक्का?" याचं काय करणार म्हणून तिने कन्नडात विचारलं.

"बण्ण." म्हणजे रंग.

"केसाला?"

"नाही हो, टोपीला."

तिने माझ्याकडे बघितलं, शेजारणीकडे बघितलं, आणि पिशवी भरून टरफलं फुकट दिली. वर दोन कांदेही टाकले. बहुतेक दया आली.

कांद्याचा रंग येतो तो फार गोड, मध आणि तांब्याच्या मधला. पहिली लडी तशीच आली. दुसरी मी स्टीलचं भांडं घासायचा कंटाळा केला म्हणून लोखंडी कढईत टाकली आणि ती मेंदीच्या पाल्यासारखी हिरवट निघाली, लोखंडाने रंग फिरवला. हिरवट पण झकास. तिसऱ्या लडीची टोपी विणून झाल्यावर मला वाटलं जरा अजून गडद हवी, म्हणून विणलेली टोपीच उकळीत सोडली, आणि गडद झाल्याच्या आनंदात चिमट्याने उचलून थेट नळाच्या गार पाण्याखाली धरली. लोकरीला असं करायचं नसतं. हे मला माहीत होतं. दहा मिनिटांत ती आवळून वाटीएवढी झाली, आणि वरनं ठोकलं तर आवाज यायला लागला. मुलाच्या मापाची टोपी ती. देवघरातल्या नारळाला चपखल बसली. आमचे हे म्हणाले, "गोंडा लाव की." मी लावला.

तर ट्रंकेतनं निघालेला हा राणी गोंडा आठ दिवस टेबलावर पडलाय आणि मी त्याचा रंग धरायच्या मागे लागले आहे. राहिलेल्या एका पांढऱ्या लडीचे मी चार तुकडे केले. बीट लावून बघितलं, दोन धुण्यांत पळालं. मंजिष्ठ उकळली, विटकरी आला, चांगला आला, पण विटकरी. डाळिंबाच्या सालीचा पिवळा. हळदीचा पिवळा तर साबण लागला की लाल होतो आणि गच्चीवर चार दिवस ऊन खाल्लं की नाहीसाच. हा गोंडा तेवढ्या वर्षांनी माझ्याकडे तसाच टक लावून बघतोय. मामांकडे कसल्या जडीबुटी नव्हत्या. पत्र्याचे डबे होते, त्यात पूड, आणि डब्यांच्या झाकणांवर बोटांचे ठसे. पूड ते हातानेच कालवायचे. चमचा त्यांच्या परसात मी बघितलेला नाही.

मी नववीत असताना ते गेले, श्रावणात, गल्लीत पाऊस धो धो चालला होता. माग बंद होते. मला आईने ओट्याच्या पुढे सरकू दिलं नाही, पण दिसत होतं. आंघोळ घातलेली, कपाळाला विभूती, नवं पांढरं धोतर. दोन्ही हात पोटावर ठेवले होते. कोपरापर्यंत निळेच होते.

मी रंगवायला बसते तेव्हा रबरी हातमोजे घालते.