तुम्ही विचारलंत म्हणून : बोंडातली अळी आणि माझ्या जगबुडीच्या गोष्टी

माझ्या गोष्टींत झाडं, किडे, पाखरं पाहता पाहता बदलतात आणि माणसाला जगणं अवघड होऊन बसतं. त्या वाचून भेटणारे बहुतेक जण एकच विचारतात, "निसर्ग इतक्या झपाट्यानं बदलतो का हो? उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

2017 साली दिवाळीनंतर मी यवतमाळकडे आमच्या शेतावर होते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, छातीएवढी, हिरवीगार. बोंडं भरलेली, बाहेरून कसली शंका येऊ नये अशी. बाबांनी एक बोंड तोडलं, अंगठ्यांनी दाबून फोडलं आणि माझ्यासमोर धरलं. आत सरकी पोखरत बसलेली गुलाबी अळी. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, तेच. बाबा काही बोलले नाहीत. बोंडं तिथंच टाकून पुढच्या ओळीत गेले.

बीटी कपाशीला आपल्याकडे 2002 मध्ये परवानगी मिळाली. जिवाणूकडून घेतलेल्या जनुकामुळं बोंडअळीला मारणारं विष झाडाच्या अंगातच तयार व्हायचं. 2006 मध्ये दोन जनुकांचं, म्हणजे दोन विषांचं वाण आलं. गुलाबी अळीनं दोन्ही विषं पचवली, आणि पहिल्या परवानगीपासून धरलं तरी तोवर पंधराच वर्षं झाली होती. यात एकही अळी काही शिकली नाही. विषातून ज्या मोजक्या वाचल्या, त्यांचीच पिल्लावळ पुढं उरली, एवढंच. शेताच्या कडेनं साधी, बिनविषाची कपाशी लावायची होती, म्हणजे तिथं वाढलेल्या साध्या पतंगांशी जुगून विष पचवायची ताकद पातळ होत राहिली असती. त्यासाठी बियाण्याबरोबर साध्या बियाण्याची वेगळी पुडी यायची. फार थोड्यांनी ती पेरली. आम्हीही पेरली नाही. एवढी जमीन अळीला सोडायची कशी? वर फरदड. हंगाम संपला तरी चार वेचे जास्त मिळावेत म्हणून पऱ्हाटी उभी ठेवायची, आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळायचं.

ही अळी महिना-सव्वा महिन्यात अंड्यापासून पतंगापर्यंत पोचते. आपली एक पिढी म्हातारी होईस्तोवर तिच्या शंभरावर पिढ्या होऊन जातात. म्हणून माझ्या गोष्टींत वाघ किंवा हत्ती माणसावर मात करत नाहीत. त्यांच्याही पिढ्या सावकाश सरकतात. बुरशी, गवत, उंदीर, डास, अळ्या, यांच्याकडे मात्र पिढ्यांची रास आहे.

पाखरंसुद्धा काही वेळा आपल्या डोळ्यांदेखत बदलतात. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ जोडपं 1973 पासून फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांच्या चोची मोजत होतं. 1977 मध्ये पाऊस पडला नाही. बारीक बिया संपल्या. उरली ती आपल्या गोखरूच्या जातकुळीतली काटेरी, टणक फळं. मध्यम चोचीच्या भुई-फिंचांपैकी सुमारे 85 टक्के मेले. जगले त्यांत जाड चोचीचे जास्त, आणि त्यांची पिल्लंही तशीच जाड चोचीची निघाली. एका दुष्काळात! पुढं 1983 मध्ये धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं आणि त्यानंतर लहान चोचीची चलती झाली.

हा उलटा फेरा मला फार महत्त्वाचा वाटतो. निसर्ग सूड घेतो असं दाखवणाऱ्या गोष्टी मला पटत नाहीत. सूड घ्यायला कोणावर तरी मनात राग धरलेला असावा लागतो. त्या बेटावर कोणी कोणावर राग धरला नव्हता; बिया बदलल्या आणि मरणारे बदलले. गोष्टीत एका रात्रीत वेलीला दात फुटले की मी पुस्तक मिटते, कारण तिथं मधलं मरण गाळलेलं असतं. बदल दिसतो तो उरलेल्यांत, आणि उरलेले मोजायचे तर मेलेलेही मोजायला हवेत.

सध्या लिहितेय त्या गोष्टीत एक बाई जानेवारीत आपली पऱ्हाटी उपटतेय. झाडांवर अजून हिरवी बोंडं आहेत, विकली तर पोरीच्या फीपुरते पैसे होतील. तिनं उपटली तरी शेजाऱ्यानं फरदड ठेवली तर पतंग बांध ओलांडून येणारच. सगळ्या गावानं एकाच आठवड्यात उपटायला हवं. ती शेजाऱ्याच्या दारात उभी आहे आणि तो म्हणतोय, "वहिनी, एवढा एक वेचा होऊ द्या."