आमच्या परकोटाची साफसफाई

चंद्रपूरला कोणी आलं की आधी विचारतं ताडोबा किती लांब, बरोबर आहे म्हणा, वाघच फेमस. पण अख्खं जुनं शहर गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या आत आहे, साधारण अकरा किलोमीटरची तटबंदी, जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा असे चार दरवाजे आणि त्यावर हत्तीला दाबून धरलेला सिंह कोरलेला, आणि आम्ही त्याच्याखालून रोज हॉर्न वाजवत गाड्या काढतो, वर मान करून कोण बघतंय.

इको-प्रो संस्थेच्या पोरांनी 2017 मध्ये ही तटबंदी साफ करायला घेतली. बुरुजांवर एवढी झाडी वाढलेली की खाली दगड आहे हेच दिसत नव्हतं! भल्या सकाळी कुऱ्हाडी, फावडे, घमेले घेऊन पोरं वर, आणि हे एक-दोन रविवार नाही तर कितीतरी महिने, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं तेव्हा कुठे शहरातल्या लोकांनाही कळलं. नंतर हेरिटेज वॉकपण सुरू केला त्यांनी.

खरा त्रास पिंपळाचा. वरून तोडला तरी मुळं दगडांच्या सांध्यात घुसलेली असतात, परत फुटतो, आणि जोर लावून उपटायला गेलं तर चिराच निघून हातात यायचा, म्हणून नुसता उत्साह कामाचा नाही, पुरातत्त्व खात्याला धरूनच करावं लागतं. आणि तटाला लागून कचरा टाकणारे आपलेच लोक, त्यांचं काय करायचं सांगा? माझं तर डोकंच फिरतं.